टॅक चुकतं तिथे पेशी कशी सावरते

माणसाच्या एका पेशीत आईकडून आणि वडिलांकडून आलेले मिळून सुमारे ६४० कोटी बेस, म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं, असतात. पेशी दुभागण्याआधी या सगळ्याची नक्कल साधारण आठ तासांत उरकते आणि शेवटी त्यात राहून गेलेल्या चुका बोटांवर मोजता येतात. त्याच डीएनएचा हजार बेसचा तुकडा टॅक पॉलिमरेज (डीएनएची नक्कल लिहिणारं एक एन्झाइम) घालून पीसीआरच्या, म्हणजे गरम-गार फेऱ्यांनी प्रती वाढवण्याच्या, नळीत वाढवला, तर तयार झालेल्या शंभर रेणूंपैकी चाळीसेक रेणूंत एखादी तरी चूक सापडू शकते. दोन्हीकडे ए समोर टी आणि जी समोर सी बसतो, दोन्हीकडे काम पॉलिमरेजच करतं. मग एवढी तफावत कशामुळे?

पाठ्यपुस्तकांत नक्कल एका प्रकरणात, दुरुस्ती दुसऱ्यात आणि पीसीआर सगळ्यात शेवटी 'तंत्रे' या मथळ्याखाली असते. त्यामुळे एमएस्सी झालेल्या मुलांनाही या तिन्हींचा धागा जुळवता येत नाही आणि नळीत काही बिघडलं की किटबरोबर आलेलं पत्रक पुन्हा वाचण्यापलीकडे काही सुचत नाही. खरं तर लॅबच्या फ्रीजरमधलं जवळपास प्रत्येक एन्झाइम कुठल्या तरी पेशीच्या नक्कल किंवा दुरुस्तीच्या यंत्रणेतून उचललेलं आहे. ते मूळ जागी काय करत होतं हे माहीत असलं की नळीतले निम्मे घोटाळे आधीच दिसतात.

आधी हिशेब. केवळ हायड्रोजन बंधांच्या भरवशावर बेस जुळवायचे तर शंभरात एखादा चुकीचा बसेल. पॉलिमरेजची खाच मात्र जोडीची रुंदी आणि ठेवण पाहते, नीट न बसणारी जोडी तिथे जोडलीच जात नाही. त्यामुळे चूक लाखात एकावर येते. त्यानंतर पॉलिमरेज स्वतःच मागे वळून शेवटचा बेस तपासतं, त्याला प्रूफरीडिंग म्हणतात. त्यातून आणखी शंभरपट सुधारणा होते. उरलेल्या चुका मिसमॅच रिपेअर नावाची वेगळी यंत्रणा शोधते आणि शंभर ते हजारपटीने कमी करते. ६४० कोटींना हे लावून पाहा: पहिल्या टप्प्यानंतर ६४ हजार चुका, दुसऱ्यानंतर ६४०, तिसऱ्यानंतर सहा-सात किंवा त्याहूनही कमी. एकामागे एक लावलेल्या तीन चाळण्या म्हणा. टॅककडे यातली फक्त पहिली आहे.

प्रूफरीडिंगवर थोडं थांबायला हवं, कारण डीएनएच्या नकलेतल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टी त्याच्यामुळे आहेत. चुकीचा बेस बसला की नव्या धाग्याचं टोक साच्यापासून (ज्यावरून नक्कल होते त्या जुन्या धाग्यापासून) थोडं सुटतं आणि पुढचा बेस जोडण्याचा वेग एकदम पडतो. तेवढ्या अवधीत ते टोक पॉलिमरेजमधल्याच दुसऱ्या जागी सरकतं, तिथे शेवटचा बेस कापला जातो आणि टोक परत कामाच्या जागी येतं. आता बेस जोडायला लागणारी ऊर्जा येते कुठून? येणाऱ्या डीएनटीपीच्या, म्हणजे जोडायच्या सुट्या बेसच्या, तीन फॉस्फेटमधून. म्हणून शेवटचा बेस कापून टाकला तरी काही बिघडत नाही, पुढचा डीएनटीपी स्वतःची ऊर्जा घेऊनच येतो. धागा उलट दिशेने वाढत असता तर ते तीन फॉस्फेट वाढत्या टोकावर राहिले असते. एकदा टोक कापलं की ऊर्जाही गेली आणि काम तिथेच अडलं असतं. म्हणून सगळी पॉलिमरेजं धाग्याच्या ५ प्राइम टोकाकडून ३ प्राइम टोकाकडेच जातात; ३ प्राइम म्हणजे वाढतं टोक.

याची किंमत दुसऱ्या धाग्याला मोजावी लागते. तो उलट्या दिशेचा असल्याने तुकड्या-तुकड्यांत लिहावा लागतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६०च्या दशकात हे तुकडे दाखवून दिले. जिवाणूंत ते हजार ते दोन हजार बेसचे असतात, आपल्या पेशीत शंभर-दोनशेचे. प्रत्येक तुकड्याची सुरुवात दहाएक बेसच्या आरएनए प्रायमरने, म्हणजे सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्याने, होते. मागचं टोक तपासल्याशिवाय पुढे न जाणारं एन्झाइम मोकळ्या साच्यावर शून्यातून सुरुवात करू शकत नाही, म्हणून आधी प्रायमर हवा. आणि तो घाईत, फारशी तपासणी न होता लिहिलेला असतो. तो आरएनएचा असल्यामुळे नंतर ओळखून काढून टाकता येतो.

ई. कोलाय या जिवाणूत प्रायमर काढण्याचं काम पॉलिमरेज १ करतं. आर्थर कोर्नबर्ग यांना डीएनए तयार करणारं एन्झाइम म्हणून मिळालं ते हेच, आणि १९५९चं नोबेलही त्यावरच. पुढे १९६९मध्ये पाउला डी लूसिया आणि जॉन केर्न्स यांनी हे एन्झाइम जवळपास नसलेला ई. कोलाय शोधून काढला. तो व्यवस्थित वाढत होता, पण अतिनील किरणांपुढे मात्र टिकत नव्हता. म्हणजे जीनोमची मुख्य नक्कल करणारं एन्झाइम दुसरंच होतं आणि पॉलिमरेज १चा मोठा वाटा दुरुस्तीत आणि तुकडे सांधण्यात होता. हे मुख्य एन्झाइम, म्हणजे पॉलिमरेज ३, पुढे ज्यांनी शोधलं त्यांत आर्थर यांचा मुलगा टॉम कोर्नबर्ग होता. विज्ञानाच्या इतिहासात असे योग क्वचितच जुळतात.

टॅक याच पॉलिमरेज १च्या कुळातलं. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस अक्वाटिकस या जिवाणूतून ते मिळतं. प्रायमर खात पुढे जाण्याचा कुळाचा गुण त्याच्यात टिकला आहे. कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये चमकणारी प्रोब (खुणेचा डीएनए तुकडा) कापून प्रकाश मोकळा करण्याचं काम त्याच गुणावर चालतं. पण मागे वळून तपासण्याची जागा टॅकमध्ये निकामी आहे. चुकीचा बेस बसला की ते थोडं रेंगाळतं आणि पुढे निघून जातं.

सुरुवातीला दिलेला आकडा असा निघतो. टॅकचा चुकांचा दर, मोजण्याच्या पद्धतीनुसार, दहा हजारांत एक ते लाखात एक असा सांगितला जातो. आपण ५० हजारांत एक धरू. तीस फेऱ्या लावल्या तरी शेवटच्या काही फेऱ्यांत वाढ मंदावते, म्हणून दुप्पट होणं पंचवीस वेळा धरू. हजार बेस गुणिले पंचवीस, भागिले ५० हजार: रेणूमागे सरासरी अर्धी चूक. चुका विखुरलेल्या असल्याने सुमारे चाळीस टक्के रेणूंत किमान एक चूक येते. यातले सगळे रेणू एकत्र सँगर सीक्वेन्सिंगला (बेसचा क्रम वाचायला) पाठवले तर काही दिसत नाही, कारण प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी असते आणि बहुमत बरोबर असतं. क्लोन केलं, म्हणजे एकेक रेणू जिवाणूत घालून वाढवला, की मात्र जिवाणूंच्या एका वसाहतीत एकाच रेणूची संतती येते. म्हणून टॅकवर केलेल्या क्लोनिंगमध्ये एकच वसाहत वाचून समाधान मानू नये, तीन तरी वाचाव्यात. सुरुवातीचा डीएनए फारच थोडा असेल तर आणखी वेगळा धोका असतो. एक नॅनोग्रॅम मानवी डीएनएत जनुकाच्या सुमारे ३०० प्रती असतात. नमुन्यात अशा पाच-दहाच प्रती असतील आणि पहिल्या-दुसऱ्या फेरीत चूक झाली, तर ती शेवटी मोठ्या हिश्शात दिसते आणि खरं म्युटेशन (डीएनएतला बदल) असल्याचा भास होतो.

नळीतल्या द्रावणाचाही इथे हात असतो. पंचवीस मायक्रोलिटरच्या नेहमीच्या मिश्रणात १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, चारही डीएनटीपी प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, दोन्ही प्रायमर प्रत्येकी ०.२ ते ०.५ मायक्रोमोलर, टॅक अर्धं ते सव्वा युनिट आणि जीनोमिक डीएनए १० ते १०० नॅनोग्रॅम असतो. यातलं मॅग्नेशियम सगळं एन्झाइमच्या वाट्याला येत नाही. चार डीएनटीपी मिळून ०.८ मिलिमोलर होतात आणि जवळपास तितकंच मॅग्नेशियम बांधून ठेवतात, उरतं ०.७. त्यात डीएनए टीई बफरमध्ये (डीएनए साठवण्याच्या द्रावणात) असेल तर त्यातला एक मिलिमोलर ईडीटीए आणखी मॅग्नेशियम ओढून घेतो. पाच मायक्रोलिटर असा डीएनए घातला की ०.२ मिलिमोलर मॅग्नेशियम गेलं. जेलवरचा बँड (लांबीनुसार वेगळ्या केलेल्या डीएनएचा पट्टा) फिका येण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर मॅग्नेशियम भरमसाट वाढवणं हा नेहमीचा चुकीचा उपाय. जास्त मॅग्नेशियममध्ये प्रायमर नको तिथेही चिकटतो आणि चुकीच्या जोड्याही खपून जातात. डीएनए पाण्यात किंवा कमी ईडीटीएच्या बफरमध्ये घेतलेला बरा. डीएनटीपी वारंवार वितळवून-गोठवून एखादा कमी पडला तरी चुका वाढतात, कारण योग्य बेस हाताशी नसला की पॉलिमरेज दुसरा बसवतं. मुद्दाम चुका हव्या असतील तर मॅग्नेशियमच्या जोडीला थोडं मँगनीज घालतात आणि एका डीएनटीपीचं प्रमाण बिघडवतात. नवे गुण असलेली एन्झाइम्स शोधणारे लोक हेच करतात.

टॅकला प्रूफरीडिंग नाही ही खोट काही ठिकाणी फायद्याची ठरते. पीसीआरचा पहिला गाजलेला उपयोग १९८५मध्ये सिकल सेलच्या निदानासाठी झाला. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत जो आजार घरोघरी माहीत आहे, तोच. बीटा ग्लोबिन जनुकातल्या एकाच बेसचा, ए च्या जागी टी चा, तो मामला. तेव्हा टॅक वापरात आलं नव्हतं. ई. कोलायच्या पॉलिमरेज १चा तुकडा वापरत, तो उष्णतेने दर फेरीत मरायचा आणि दर फेरीला नवा घालावा लागायचा. आज असे एका बेसचे बदल ओळखायला एआरएमएस पद्धत वापरतात. प्रायमरचं ३ प्राइम टोक नेमकं बदलाच्या जागी येईल असं आखायचं: एक प्रायमर निरोगी रूपासाठी, एक बदललेल्या रूपासाठी. टोक जुळलं तरच टॅक पुढे जातं. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वांत जास्त आढळणारं म्युटेशन, पहिल्या इंट्रॉनच्या (जनुकातल्या प्रथिनाच्या कृतीत न येणाऱ्या भागाच्या) पाचव्या जागी जी चा सी, असंच पकडतात. या चाचणीत कुणी 'जास्त अचूक एन्झाइम चांगलं' म्हणून प्रूफरीडिंगवालं पॉलिमरेज घातलं, तर ते प्रायमरचं न जुळणारं टोक कापून, दुरुस्त करून पुढे जातं आणि प्रत्येक माणूस वाहक असल्याचा निकाल येतो. शिवाय दुसऱ्या जनुकासाठी प्रायमरची नियंत्रण जोडी त्याच नळीत हवीच. नाहीतर 'बँड नाही' याचा अर्थ म्युटेशन नाही की पीसीआरच फसला, हे कळायला मार्ग नाही.

अचूक नक्कल हवी असेल तिथे पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाचं पीएफयू किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. पीएफयूचा दर साधारण दहा लाखांत एक, सुधारित एन्झाइम्सचा त्याहून चांगला. पण त्यांचे नखरे टॅकहून वेगळे. कापणारी जागा जिवंत असल्यामुळे डीएनटीपी नसताना हे एन्झाइम प्रायमरच खात बसतं. म्हणून एन्झाइम सगळ्यात शेवटी घालायचं, नळ्या बर्फावर ठेवायच्या आणि मशीन आधी गरम करून मग त्या आत ठेवायच्या. पीएफयूला हजार बेसला दोन मिनिटं द्यावी लागतात, टॅकला एक पुरतं. टॅक शेवटी एक जादा ए लावतं, पीएफयू लावत नाही, त्यामुळे त्या ए च्या आधारे तुकडा जोडणारं टीए क्लोनिंग करायचं तर पीएफयूचा तुकडा आधी शुद्ध करून टॅक आणि डीएटीपीबरोबर (ए चा डीएनटीपी) ७२ अंशांवर १० ते २० मिनिटं ठेवावा लागतो. शुद्ध न करताच टॅक घातलं, तर उरलेलं पीएफयू ते ए पुन्हा कापून टाकतं.

तिसऱ्या चाळणीचा प्रश्न अवघड आहे. नक्कल होऊन गेली, दोन धाग्यांत जी समोर टी आहे. यातला बरोबर कोणता? ई. कोलायमध्ये याचं उत्तर जीएटीसी या चार बेसांच्या क्रमात आहे. डॅम नावाचं एन्झाइम त्यातल्या ए वर मिथाइल गट, एक छोटी रासायनिक खूण, लावतं, पण नक्कल झाल्यावर लगेच नाही. तेवढा काळ जुना धागा मिथाइल लावलेला आणि नवा कोरा असतो. म्यूट-एस हे प्रथिन चूक शोधतं, म्यूट-एल म्यूट-एचला कामाला लावतं, आणि म्यूट-एच कोरा धागाच कापतं, मग ती जागा चुकीपासून हजार बेस दूर का असेना. तिथपासून चुकीपर्यंतचा सगळा धागा काढून नव्याने लिहिला जातो. पॉल मोड्रिच यांनी ही साखळी नळीत जुळवून दाखवली आणि २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला त्यांचा वाटा याच कामासाठी आहे.

हाच मिथाइल लॅबमध्ये रोज आडवा येतो, किंवा कामी येतो. प्लाझमिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यात) ठरावीक बदल करायचा असेल तर बदल असलेले दोन प्रायमर घेऊन अख्खा प्लाझमिड १२ ते १८ फेऱ्या वाढवतात, तोही अचूक पॉलिमरेजने. नंतर डीपीएन-वन हे एन्झाइम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. हे फक्त मिथाइल असलेलं जीएटीसी कापतं, म्हणजे जिवाणूतून आलेला मूळ प्लाझमिड नष्ट होतो आणि नळीत तयार झालेला राहतो. सगळ्या वसाहती मूळ रूपाच्याच आल्या तर दोन शक्यता आधी तपासा: साचा ५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त घातला होता का, आणि तो जेएम११० सारख्या डॅम नसलेल्या जिवाणूतून काढला होता का. दुसऱ्या बाबतीत मिथाइलच नसल्याने डीपीएन-वन काहीच कापत नाही. उलट तक्रारही नेहमीची: 'एक्सबीए-वन कापत नाही, एन्झाइम खराब आलंय.' एन्झाइम बहुधा ठणठणीत असतं. एक्सबीए-वन हे एन्झाइम डीएनए कापतं ती जागा टीसीटीएजीए. तिच्या पुढे टीसी आलं की शेवटी जीएटीसी तयार होतं, त्यावर मिथाइल बसतो आणि कापणं थांबतं. डॅम नसलेल्या जिवाणूतून तोच प्लाझमिड काढा, कापला जाईल. बॅम-एचवन या दुसऱ्या कापणाऱ्या एन्झाइमच्या जागेतही जीएटीसी आहे, पण त्याला या मिथाइलचा काही फरक पडत नाही. हे पाठ करण्यापेक्षा तक्ता पाहणं सोपं.

माणसात जीएटीसीची खूण नाही. नव्या धाग्यातल्या अजून न सांधलेल्या फटी आणि नकलेच्या यंत्रावरची पीसीएनए ही कडी कोणत्या बाजूने बसली आहे, यावरून नवा धागा ओळखला जातो. एमएसएच२, एमएलएच१ यांसारखी जनुकं जन्मतःच एका प्रतीत बिघडलेली असली की लिंच सिंड्रोम होतो आणि आतड्याच्या, गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. अशा गाठीत सर्वांत आधी बिघडतात ते एकाच बेसच्या लांब रांगा असलेले भाग. तिथे पॉलिमरेज घसरतं, एखादा ए कमी-जास्त होतो आणि तो निस्तरायला कुणी नसतं. चाचणीत अशा पाच जागा गाठीतून आणि निरोगी पेशींतून पीसीआरने वाढवून त्यांची लांबी ताडून पाहतात. दोन किंवा अधिक जागी फरक असेल तर गाठ अस्थिर धरतात. अशा गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध चालतं, आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) गाठ कुठल्या अवयवात आहे ते न पाहता केवळ या खुणेवर त्याला मान्यता दिली. अडचण एवढीच की टॅकही रांगांवर घसरतं. न्यायवैद्यक चाचणीत चार बेसच्या पुनरावृत्ती वाढवताना आलेखावर खऱ्या शिखराच्या अलीकडे एका पुनरावृत्तीने लहान असं ५ ते १५ टक्के उंचीचं पिटुकलं शिखर येतं. दोन माणसांचा मिश्र नमुना असेल तर हे पिटुकलं शिखर दुसऱ्याचं की टॅकचं, यावर कोर्टात वाद होऊ शकतो.

नक्कल चालू नसतानाही डीएनए बिघडत असतो. साध्या पाण्यामुळे दररोज प्रत्येक पेशीत हजारो प्युरिन बेस (ए आणि जी) गळतात आणि शेकड्यांनी सायटोसिनचे (सी) युरॅसिल (यू) होतात. टोमास लिंडाल यांनी हे मोजलं आणि युरॅसिल कापून काढणारं एन्झाइम शोधलं. तेच यूएनजी आज क्यूपीसीआरच्या (डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरच्या) मिश्रणात असतं. सुरुवातीची ५० अंशांची दोन मिनिटं त्याच्यासाठीच. आधीच्या पीसीआरमध्ये टी ऐवजी यू वापरलेला असतो, त्यातला उडून आलेला थेंब यूएनजी निकामी करतं आणि रुग्णाचा डीएनए, त्यात टी असल्याने, सुटतो. ही सोय पीएफयूबरोबर वापरू नये: ते साच्यात युरॅसिल दिसताच अडून बसतं. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या बायोप्सीत सी चा टी झालेली खोटी म्युटेशन्स ढिगाने दिसतात, तीही या युरॅसिलमुळेच. पीसीआरआधी यूएनजीने प्रक्रिया केली की बरीचशी जातात. मात्र मिथाइल असलेल्या सायटोसिनचं सरळ थायमिन (टी) होतं, ते यूएनजीला दिसत नाही.

अतिनील किरणांची गोष्ट जेलच्या टेबलावर रोज घडते. शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि पॉलिमरेज तिथे थांबतं. पेशीत अशी जागा दोन्ही बाजूंनी कापून तुकडा काढतात, ई. कोलायमध्ये १२-१३ बेसचा, माणसात तीसेक बेसचा. अझीझ सँकार यांनी ही कापाकापी उलगडली. जेलमधल्या बँडला मात्र असा कुणी वाली नसतो. ३०२ नॅनोमीटरच्या दिव्यावर बँड आरामात न्याहाळत कापला की क्लोनिंगमध्ये वसाहती एकदम कमी येतात, आणि दोष लायगेजला (तुकडे सांधणाऱ्या एन्झाइमला) दिला जातो. ३६५ नॅनोमीटरचा किंवा निळ्या प्रकाशाचा दिवा घ्या. तो नसेल तर त्याच नमुन्याचा थोडा भाग शेजारच्या खाचेत चालवा, जेलची तेवढी पट्टी कापून रंगवा, दिव्याखाली बँडच्या उंचीवर ब्लेडने खूण करा, पट्टी परत जागेवर लावा आणि उरलेला, न रंगवलेला बँड दिवा न लावता त्या खुणेच्या रेषेत कापा.